लेफ्टनंट वेलिणकर यांच्या नावाचा अपपाठ

पहिल्या महायुद्धात विमानातून लढलेला हिंदी वीर कोण, असे हुडकेश्वरास आमच्या मंडळींत विचारले असता इंद्रलाल राय यांचे नाव निघते, व ते यथार्थच आहे. परंतु राय हे ता. २२ जुलै १९१८ रोजी पडले; त्यापूर्वी अवघे बावीस दिवस एक मुंबईकर वैमानिक त्याच फ्रान्सच्या भूमीवर निवर्तला, त्याचे स्मरण कोणास होत नाही.

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकत होते. त्या काळी हिंदी मनुष्यास लष्करी अधिकाराची सनद मिळणे दुर्घट असता त्यांनी १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये ती मिळविली. पुढे २३ व्या स्क्वाड्रनात ते सॉपविथ डॉल्फिन हे एकासनी लढाऊ विमान चालवीत. ता. २७ जून १९१८ रोजी गस्तीस गेले ते परतलेच नाहीत. स्वपक्षाच्या दप्तरी केवळ 'बेपत्ता' एवढीच नोंद राहिली.

युद्धसमाप्तीनंतर शोध लागला तो असा: जखमी वेलिणकर शत्रूच्या हाती सापडून ता. ३० जून रोजी वारले होते, व जर्मनांनी त्यांना रीतसर पुरले होते. मात्र थडग्यावर नाव होते 'ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर'. असल्या नावाचा मनुष्य इंग्रजांच्या यादीत कोठून सापडावा?

पोथ्यांचे पाठभेद पाहण्याची ज्यास सवय आहे त्यास हा प्रकार परिचित वाटेल. आद्याक्षर शाबूत, शेवटचे 'कर' शाबूत. बिघाड काय तो मध्यभागी. हुद्दा तर चुकलेलाच नाही, त्याचे जर्मन भाषांतर झाले आहे. यावरून नोंद करणारास मृताचा दर्जा नीट ठाऊक असून परके नाव तेवढे त्याने कागदावरून उतरताना बिघडविले, असे आमचे अनुमान आहे. जुन्या जर्मन वळणात ई, एन, एम, यू या अक्षरांच्या उभ्या रेघा एकमेकींत सहज मिसळतात. एल् ची उंच रेघ कोठे गेली, हे मात्र या तर्काने उलगडत नाही, हे कबूल केले पाहिजे. उभय पक्षांच्या नोंदी ताडून पाहिल्यावाचून अशा पाठाची शुद्धी होत नाही.

आता हांगार येथील युद्धस्मशानात त्यांच्या शिळेवर 'वेलिणकर' हे नाव शुद्ध कोरलेले आहे. मधले नाव तेवढे रोमन लिपीत कोणी 'चंदा' वाचतो, कोणी 'चुंडा'.