पाहणाऱ्याच्या मेंदूत हात हलतो तेव्हा

तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत ७० पानांची पुडकी बांधली जातात. पाने जुळवून दोरी आवळण्याची हातोटी कोणी धडे देऊन शिकवीत नाही. ती थोरांचे हात पाहून अंगवळणी पडते. पाहण्याने हाताला वळण कसे लागते, याचा एक धागा इटलीतील पार्मा विद्यापीठात सापडला.

जाकोमो रिझोलाती यांच्या गटाने १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूतील काही विलक्षण चेतापेशींची नोंद केली. माकडाने स्वतः खाद्य उचलले की या पेशी उद्दीपित होत; संशोधकाला तेच करताना नुसते पाहिले तरीही होत. १९९६ मध्ये त्यांना 'मिरर न्यूरॉन' हे नाव मिळाले. पुढे त्यांच्याविषयी अवास्तव दावेही बरेच झाले. सहानुभूतीपासून भाषेपर्यंत सर्व काही त्यांच्या पदरात टाकण्याची घाई संशोधनाला मानवली नाही.

मानवी मेंदूतील अशा पेशींची थेट नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. लॉस एंजेलिस येथे अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसविलेल्या इलेक्ट्रोडमधून ती मिळाली. काही पेशी कृती करताना उत्तेजित, तर तीच कृती पाहताना शांत होत असल्याचेही तीत आढळले. पाहणारा माणूस समोरच्याची प्रत्येक हालचाल आपोआप करू लागत नाही, त्यामागे हा लगाम असावा.

मात्र सगळेच पाहणे सारखे नसते. लंडनमधील २००५ च्या एका प्रयोगात बॅले व कापोएरा या नृत्यप्रकारांचे निष्णात कलाकार तपासले गेले. स्वतःच्या अंगी मुरलेल्या हालचाली पाहताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद अधिक तीव्र होता. आयुष्यभर धानाची रोवणी केलेली बाई आणि चिखलात कधीही न उतरलेला शहरी पाहुणा बांधावरून एकच दृश्य पाहत असले, तरी दोघांच्या मेंदूतील हालचाल वेगळी असणार, असे यावरून अनुमान निघते.

गडचिरोलीसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. सुमारे दर सात मृत्यूंपैकी एक त्याचा होता. जे वाचतात, त्यांतील अनेकांचा हात लुळा राहतो. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अशा रुग्णांना रोजची कृती चित्रफितीत दाखवून लगेच ती करावयास लावण्याची उपचारपद्धती गेल्या दोन दशकांत अनेक देशांत तपासली गेली. हाताच्या कार्यात काही सुधारणा दिसते. परंतु पुरावा अद्याप भक्कम नाही. शिवाय दाखवावयाची कृती रुग्णाच्या ओळखीची हवी. ज्याने हयातभर बांबूच्या कमट्या काढल्या, त्याला काट्याचमच्याने जेवणारा माणूस दाखवून कितपत साधेल? त्यापेक्षा कोयता धरलेला हात किंवा सुपाने पाखडणारे हात दाखवणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. साधा मोबाईल किंवा समोर बसलेला नातेवाईक पुरे. अर्थात हे सारे नंतरचे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात अचानक गळणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे लागते, कारण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.