छोट्या विमानाचा वैमानिक : वेतन, वेळापत्रक आणि विश्रांती

वैमानिक हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. कडक इस्त्रीचा गणवेश, बाहीवर सोनेरी पट्टे, गलेलठ्ठ पगार, सकाळचा चहा मुंबईत तर रात्रीचे जेवण लंडनात! हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. पण ते या व्यवसायातील एका वर्गापुरतेच खरे आहे. लहान गावांतून मोठ्या शहरापर्यंत उतारू आणून सोडणारी जी छोटी विमाने असतात, त्यांच्या वैमानिकांचा इतिहास निराळा आहे. आज तो आपल्यापुढे मांडावयाचा आहे, आणि तो प्रामुख्याने अमेरिकेचा आहे. कारण या प्रश्नावर संप, खटले, कायदे आणि चौकशा यांची जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा त्या देशात आहे. या इतिहासातून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. वैमानिकाचे वेतन आणि त्याची झोप ही त्याची खाजगी बाब कधीच नव्हती. मागे बसलेल्या उतारूच्या सुरक्षिततेचाच तो भाग होता.

अमेरिकेत नियमित हवाई टपाल १५ मे १९१८ रोजी सुरू झाले. आरंभी हे काम लष्कराकडे होते; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते टपालखात्याने हाती घेतले. विमाने उघडी, रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज जुजबी. १९२७ पर्यंत या सेवेत तीसहून अधिक वैमानिकांनी प्राण गमावले. टपाल वेळेवर गेलेच पाहिजे, असा वरिष्ठांचा आग्रह असे. जुलै १९१९ मध्ये दाट धुके पडले असता उड्डाण करण्यास नकार दिला म्हणून दोन वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला. काही दिवसांतच टपालखात्याला तडजोड करावी लागली. या व्यवसायातील हा पहिला लक्षणीय संप. तो पगारासाठी नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उडावे की न उडावे हे कचेरीत बसलेल्याने ठरवावयाचे, की ज्याचा जीव पणाला लागणार आहे त्याने, हा त्यातला प्रश्न होता.

१९२५ च्या कायद्याने टपालाची कंत्राटे खाजगी कंपन्यांना मिळू लागली आणि त्यांतूनच पुढे उतारूंच्या विमान कंपन्या जन्मास आल्या. मंदीचे दिवस आले तसा मालकांचा हात वैमानिकांच्या वेतनाकडे वळला. १९३१ साली डेव्हिड बेन्के या वैमानिकाच्या पुढाकाराने शिकागो येथे वैमानिकांची संघटना स्थापन झाली. आपले नाव मालकाला कळले तर नोकरी जाईल, या भीतीने सुरुवातीचे सभासद आपले सभासदत्व गुप्त ठेवीत असत. ज्या १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, त्याच वर्षी शिकागोच्या सेंच्युरी एअरलाइन्स या कंपनीने वेतनात मोठी कपात जाहीर केली. कंपनीचे मालक कॉर्ड यांचा हिशेब सरळ होता. बेकारी इतकी आहे की एक वैमानिक गेला तर दहा दाराशी उभे राहतील! वैमानिकांनी कपात नाकारली आणि त्यांना दारे बंद झाली. संघटनेने हा तंटा थेट संसदेपर्यंत नेला. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले ला गार्डिया यांनी सभागृहात त्यांची बाजू हिरीरीने मांडली. थोड्याच महिन्यांत कॉर्ड यांनी ती कंपनी विकून टाकली.

परंतु खरा निर्णायक वाद पुढच्या वर्षी झाला. त्या काळी वैमानिकाच्या वेतनाचा एक भाग मैलांवर मोजला जाई. १९३३ च्या सुमारास नवी, वेगवान विमाने आली. ताशी शंभर मैल जाणारे विमान ताशी दीडशे मैल जाऊ लागले तर तितक्याच तासांत मैल दीडपट होतात आणि त्या प्रमाणात वेतनही वाढते. मालक म्हणाले, आता मैल नकोत, तास मोजू. वैमानिक म्हणाले, यंत्राच्या वेगाचा सगळा नफा तुम्हीच का घ्यावा? हा तंटा राष्ट्रीय श्रम मंडळापुढे गेला. १० मे १९३४ रोजी मंडळाने जो निवाडा दिला तो ‘निर्णय क्रमांक ८३’ या नावाने ओळखला जातो. त्याने मूळ वेतन, तासांचे वेतन आणि मैलांचे वेतन अशी तिहेरी रचना घालून दिली, आणि महिन्यात ८५ तासांहून अधिक उड्डाण करावयाचे नाही असे ठरविले. १९३८ च्या विमान वाहतूक कायद्यात हा निवाडा समाविष्ट झाला. थकलेला वैमानिक हा उतारूला धोका आहे, हे तत्त्व राज्यसंस्थेने असे मान्य केले.

यानंतरची चाळीस वर्षे या व्यवसायाला सुगीची गेली. भाडे किती असावे, कोणत्या मार्गावर कोणी उडावे हे सरकारी मंडळ ठरवीत असे. त्यामुळे वेतन वाढले तर तो बोजा भाड्यात मिळविता येई. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणे उठविणाऱ्या कायद्यावर सही केली आणि हा काळ संपला. या कायद्याने तिकिटे स्वस्त झाली, सामान्य माणूस विमानात बसू लागला, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. पण स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजीतच असतो. तो कोण, हे पाहू लागलो की आपण आपल्या छोट्या विमानापाशी येतो.

मोठ्या कंपन्यांनी आपली मोठी विमाने मोठ्या शहरांच्या मार्गांवर ठेवली, आणि लहान गावांची वाहतूक प्रादेशिक कंपन्यांकडे कंत्राटाने सोपविली. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचे. पण आतला वैमानिक मात्र भलत्याच कंपनीचा चाकर! गाडीवर नाव एस.टी.चे आणि चालक कंत्राटदाराचा, असा प्रकार आपल्याकडेही झालेला आहे. त्यावरून ही व्यवस्था सहज समजेल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! कंत्राटाची मुदत संपली की मोठी कंपनी दुसऱ्या छोट्या कंपनीचा दर विचारी. ज्याचा दर कमी त्याला काम. विमाने भाड्याची, इंधनाचा खर्च बहुधा मोठ्या कंपनीचा. मग दर कमी करावयाचा तो कशातून? माणसांच्या वेतनातून. एका कंपनीच्या वैमानिकांनी वाढ मागितली की त्यांची विमाने दुसरीकडे जाणार, ही तलवार सदैव डोक्यावर टांगलेली असे.

अशा वेळी चांगला कारागीर नोकरी बदलतो. वैमानिकाला तीही सोय नव्हती. वेतन, मार्ग, सुट्टी, राहण्याचे ठिकाण, सारे काही कंपनीच्या ज्येष्ठता यादीतील क्रमांकावर ठरते. दहा वर्षे नोकरी केलेला कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला की तो त्या यादीच्या तळाशी, नवशिक्या सहवैमानिकाच्या पगारावर. म्हणून तो आहे तेथेच राही.

आता या वेतनाचा हिशेब पाहू. वैमानिकाचा तास धरतात तो विमान फाटकावरून हलल्यापासून पुढच्या फाटकाशी थांबेपर्यंत. त्याआधीची तपासणी, दोन उड्डाणांमधली दोन-तीन तासांची रखडपट्टी, बर्फामुळे झालेला खोळंबा, यांचा हिशेब सहसा धरीत नाहीत. या शतकाच्या आरंभी नव्या सहवैमानिकाचा दर अनेक प्रादेशिक कंपन्यांत ताशी वीस डॉलरांच्या आसपास होता. महिन्याला ७५ तासांची हमी धरली तर वर्षाचे झाले १८ हजार डॉलर. आणि एवढे होण्यासाठी शिक्षणावर हजारो डॉलरांचे कर्ज काढलेले असे. ७५ तास म्हणजे फार थोडे काम, असे कोणास वाटेल; पण त्या ७५ तासांसाठी माणूस महिन्यातले कितीतरी दिवस घराबाहेर असे. दिवसाची पाळी सोळा तासांपर्यंत लांबू शके आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती आठ तासांवर येऊ शके. त्या आठ तासांत विमानतळावरून हॉटेलात जाणे, जेवणे, झोपणे, आंघोळ करणे आणि परत येणे! प्रत्यक्ष झोप किती मिळत असेल याचा अंदाज आपण करू शकता.

याविरुद्धचा मोठा लढा २००१ साली झाला. डेल्टाच्या मालकीच्या कोमेअर या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांनी २६ मार्चपासून संप केला. तो ८९ दिवस चालला आणि त्या काळात कंपनीचे एकही विमान उडाले नाही. वैमानिकांना वेतनवाढ मिळाली, निवृत्तीची तरतूद मिळाली. ते लढाई जिंकले. पण त्यांची विमाने हळूहळू कमी होत गेली, आणि खर्च परवडत नाही या कारणाने सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीच बंद करण्यात आली. एका कंपनीतला विजय सगळ्या व्यवस्थेपुढे किती तोकडा पडतो, याचे हे उदाहरण आहे.

मग १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र उजाडली, असेच म्हणावे लागते. कारण त्या रात्री जे घडले त्याने देशाचे डोळे उघडले. नेवार्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे पन्नास जीव गेले. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचे होते. चौकशीत जे उघड झाले ते ऐकून लोक सुन्न झाले. सहवैमानिक ही चोवीस वर्षांची तरुणी. वेतन वर्षाला पंचवीस हजार डॉलरांच्या आत. नेवार्कसारख्या महागड्या भागात बिऱ्हाड परवडत नाही म्हणून ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलजवळ आईवडिलांकडे राहत होती. आदल्या रात्री मालवाहू विमानातून देश ओलांडून ती कामावर आली होती. कप्तानाने ती रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. नेवार्क येथे नेमलेल्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असे दुरून येणारे होते. सहवैमानिकेला सर्दी झालेली होती. आता आजारी असल्याचे कळविले तर बरे होईपर्यंत स्वखर्चाने हॉटेलात राहावे लागेल, अशा अर्थाचे तिचे बोलणे विमानातील ध्वनिमुद्रणात सापडले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चौकशी मंडळाने अपघाताचे कारण म्हणून थकव्याचे नाव घेतलेले नाही. विमानाचा वेग कमी झाल्याचा इशारा मिळताच नाक खाली करावयाचे, ते कप्तानाने वर खेचले, हे मुख्य कारण ठरले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण तो नेमका किती हे सांगता येत नाही, असे मंडळाने म्हटले. तरीही ज्या व्यवस्थेत वैमानिकाला झोपावयास खोली परवडत नाही, ती व्यवस्था सुरक्षित आहे असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. त्याच महिन्यात, हडसन नदीत विमान सुखरूप उतरविणारे कप्तान सुलेनबर्गर यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितले की, त्यांचे स्वतःचे वेतन चाळीस टक्क्यांनी घटले आहे, आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात यावे असे वाटणारा व्यावसायिक वैमानिक त्यांच्या परिचयात नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजविले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये नवा कायदा झाला. सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव हवा, असे ठरले. पूर्वी २५० तासांचा परवाना पुरत असे. जानेवारी २०१४ पासून पाळीआधी दहा तासांची विश्रांती, आणि तीत आठ तास अखंड झोपेची संधी, सक्तीची झाली. त्यानंतरची बरीच वर्षे अमेरिकी प्रवासी कंपनीच्या विमानाला मोठ्या प्राणहानीचा अपघात झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे एक प्रादेशिक विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मेले. परंतु तो प्रश्न आकाशातील मार्गांचा होता.

आणि वेतन? ते मात्र कायद्याने वाढले नाही, कळवळ्यानेही नाही. ते वाढले टंचाईने. वैमानिक मिळेनासे झाले. रिपब्लिक या मोठ्या प्रादेशिक कंपनीने २०१६ साली दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा वैमानिकांचा तुटवडा हे एक कारण सांगितले. करोनाच्या साथीत मोठ्या कंपन्यांनी अनेक ज्येष्ठ वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्त केले आणि २०२२ मध्ये उतारू परतले तेव्हा टंचाई शिगेला पोहोचली. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर, तात्पुरती वाढ धरून, ताशी नव्वद डॉलरांवर नेला. वीस डॉलर परवडत नाहीत असे म्हणणाऱ्यांना नव्वद परवडले! मात्र त्याची झळ लहान गावांना बसली. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट कंपनीने सरकारी अनुदानावर चालणारी २९ गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. वैमानिकांचे पोट मारून जी सेवा स्वस्तात चालली होती, ती खऱ्या किमतीला चालविण्यास कोणी तयार नव्हते. कंपन्या १५०० तासांच्या नियमाला दोष देतात, संघटना अनेक वर्षांच्या तुटपुंज्या वेतनाला. दोन्हींत तथ्य आहे. परंतु पहिला उपाय केला तर धोका उतारूचा वाढतो, दुसरा केला तर खर्च कंपनीचा, हा भेद विसरता कामा नये.

श्रोतेहो, हा इतिहास दूरदेशीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. उडान योजनेमुळे नांदेड, जळगाव, कोल्हापूर, नाशिक ही नावे विमानाच्या वेळापत्रकात आली, ही आनंदाची गोष्ट होय. आपल्या सरकारी महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणारे नियम केले. ते २०२५ मध्ये दोन टप्प्यांनी अमलात आले. त्या वर्षी डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांपुरते वैमानिक तिच्यापाशी नव्हते. आणि काही नियम तिच्यापुरते तात्पुरते शिथिल करावे लागले. विमानतळावर खोळंबलेल्या उतारूंचा संताप स्वाभाविक होता. परंतु त्या दिवसांत नियमच जाचक आहेत असा जो सूर निघाला, तो ऐकताना १९१९ चे धुके आठवल्यावाचून राहत नाही. टपाल वेळेवर गेलेच पाहिजे, असे तेव्हाही कोणी म्हणत होते.

स्वस्त तिकीट आणि लहान गावाला विमान, या दोन्ही अपेक्षा योग्यच आहेत. त्यांचा खर्च तिकिटातून काढावयाचा, सरकारी तिजोरीतून, की कंपनीच्या नफ्यातून, यावर मतभेद होऊ शकतील, व्हावेतही. तो वैमानिकाच्या झोपेतून काढू नये, एवढे मात्र या शंभर वर्षांनी निर्विवाद सिद्ध केले आहे. त्या झोपेचे कर्ज अखेर उतारूच फेडतो.