ट्रंकेतली चांदणी

आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. मे महिन्याच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या त्या घरी गेलो की आम्ही भावंडं ती हमखास उघडायचो. तिच्यात पणजोबांचा खाकी पट्टा, डिस्चार्ज बुक नावाची एक मळकी वही आणि फडक्यात गुंडाळलेली सहा टोकांची एक पिवळसर चांदणी असायची. तिला विटक्या रंगांची पट्टेदार फीत होती. आम्ही ती चांदणी खेळातल्या राजाच्या मुंडाशाला लावायचो. आजीला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "तुझं पणजोबा पल्टणीत हुतं. इटालीला गेलं हुतं लढाईवर." यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

पुढे मी सांगलीला इतिहास हा विषय घेऊन पदवी मिळवली. एम.ए. करत असताना २०२३ च्या सप्टेंबरात एका सत्रासाठी इटलीतल्या पेरुज्या शहरी शिकायला जायची संधी मिळाली. गावात कौतुक झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, घराण्यात इटलीला जाणारी ही पहिलीच. आजी दारातूनच म्हणाली, "पहिली न्हाय, दुसरी." निघताना मी डिस्चार्ज बुकाचे आणि चांदणीचे फोटो मोबाइलमध्ये घेतले. वहीत पणजोबांच्या पलटणीचं नाव होतं : पहिली बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री.

पेरुज्याला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. सरकारी इमारतींवर इटलीचा झेंडा फडकत होता : हिरवा, पांढरा, लाल. मी मोबाइलमधला फोटो काढून पाहिला. चांदणीच्या फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा आणि लाल असे पाच पट्टे होते. ते झेंड्याचेच रंग होते. ज्याला आम्ही खेळणं समजत होतो ते 'इटली स्टार' नावाचं पदक होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गेलेल्या सैनिकांना ते मिळालं.

तिथं शनिवार-रविवार सुट्टी असते. वर्गातली मुलं रोमला जायची, व्हेनिसला जायची. मीही गेले. पण बाकीच्या सुट्ट्यांत पॅसेंजर गाडीचं स्वस्त तिकीट काढून मी पणजोबांच्या पलटणीच्या मागावर हिंडले. त्या हिंडण्याची ही हकीकत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरात मराठा पलटणी इटालियन फौजेशी लढल्या होत्या. १९४३ च्या जुलैत दोस्त फौजा सिसिली बेटावर उतरल्या. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली, पण जर्मन फौजांनी देश सोडला नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक नदी, एकेक डोंगर घेत लढाई पुढे सरकत राहिली आणि १९४५ च्या मेपर्यंत चालली. या मोहिमेत पन्नास हजारांच्या आसपास भारतीय सैनिक होते. त्यांतले ५,७८२ जण तिथंच राहिले. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले, आणि त्या सहांतले दोन मराठा पलटणीतले होते.

माझी पहिली सफर माँतोने या गावाची. पेरुज्याहून बसने तासाभराच्या अंतरावर, टेकडीवर वसलेलं, आपल्याकडच्या एखाद्या गढीसारखं तटबंदीचं गाव. खाली तायबर नदीचं वरचं खोरं पसरलेलं. या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. ते आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय अवघं बावीस. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि सोबतचे सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. घाडगे एकटे धावून गेले. बॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. त्याच जागी शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांची समाधी कुठंही नाही, कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. माँतोनेच्या लोकांनी मात्र जुलै २०२३ मध्ये, म्हणजे मी तिथं जाण्याच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी, त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं होतं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन या स्मारकासाठी निवडलेलं आहे. त्या दगडाशी उभी राहून मी घरी फोन लावला, पण रेंज मिळाली नाही.

दुसरी सफर फ्लोरेन्सची. तिथल्या उफित्सी संग्रहालयात बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' म्हणजे 'वसंत' हे जगप्रसिद्ध चित्र आहे. त्याच्यासमोर कायम गर्दी असते. युद्धाच्या काळात बॉम्बच्या भीतीनं ही चित्रं शहराबाहेरच्या वाड्यांत हलवली होती. मोंतेगुफोनी नावाचा किल्ल्यासारखा वाडा त्यांतलाच एक. १९४४ च्या जुलैअखेरीस या वाड्यात मुक्काम होता मराठा लाइट इन्फन्ट्रीचा! एरिक लिंक्लेटर हे लेखक आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड व्हॉन-टॉमस पलटणीला भेटायला तिथं गेले, तर आतल्या दालनांत भिंतींना टेकवून ठेवलेली इटलीची अमोल चित्रं त्यांना दिसली. 'प्रिमावेरा'ही त्यांत होतं. मग त्या चित्रांवर पहारा बसला. काही दिवस तरी 'वसंता'ची राखण मराठी मुलखातल्या पोरांनी केली. त्या चित्रासमोर उभी असताना मला वाटलं, आमचे पणजोबा त्या पहाऱ्यावर असतील का? असतील किंवा नसतीलही. पण मशाल किंवा कंदील वर धरून त्यांनी हे चित्र पाहिलं असेल, तर घरी येऊन ते कुणाला आणि कसं सांगणार होते?

त्याच दिवशी दुपारी मी आर्नो नदीच्या काठानं कॅशिने उद्यानाच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं एक छत्री आहे, अगदी आपल्याकडच्यासारखी, आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस. खास परवानगी काढून नदीकाठी त्यांच्यावर हिंदू पद्धतीनं अग्निसंस्कार झाले. त्यांच्या प्रवासाची रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत छापली गेली. पलीकडच्या पुलाला लोक आजही 'इंडियानो' म्हणतात. राजाला छत्री मिळाली, रोजनिशी मिळाली. पलटणीतल्या पोरांचं काय झालं, ते पाहायला मी फोर्लीला गेले.

फोर्लीच्या वाटेवर सेनिओ नदी लागते. नदी म्हणजे आपल्या येरळेएवढी, पण दोन्ही काठांना मातीचे उंच बांध. मे २०२३ मध्ये हिला आणि आसपासच्या नद्यांना मोठा पूर आला होता. त्या मुलखात पुराच्या खुणा अजून दिसत होत्या, आणि सांगलीत २०१९ चा पूर पाहिलेल्या मला त्या लगेच ओळखू आल्या. याच सेनिओवर ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी पराक्रम केला. ते नगर जिल्ह्यातले, पणजोबांच्याच पहिल्या बटालियनमध्ये निरोप्याचं काम करणारे. मशिनगनच्या माऱ्यातून त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून अलीकडे आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या. हात जखमी होता म्हणून बंदूक टाकून बॉम्ब फेकले. शेवटी बांधावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. इटलीतल्या त्या चिमुकल्या नदीच्या काठावर शिवरायांचा जयजयकार घुमला, ही गोष्ट मला सांगलीत राहून कधी कळली नव्हती.

फोर्लीला भारतीय सैनिकांची स्वतंत्र स्मशानभूमी आहे. मुसलमान सैनिकांच्या कबरी आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, म्हणून त्यांच्या कबरी नाहीत, एका स्मारकावर फक्त नावं आहेत. रोमन लिपीत कोरलेली नावं मी बोटानं वाचत गेले. शिंदे, पवार, जाधव, मोरे. नोंदवहीत गावाचं नाव आणि पुढे जिल्हा : सातारा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे वाळव्याचा पोरगा काय आणि खटावचा काय, तिथल्या नोंदीत दोघंही साताऱ्याचेच.

माझ्याबरोबर वर्गातली एक इटालियन मैत्रीण आली होती. तिनं सरळ विचारलं, "तुमच्यावर इंग्रजांचं राज्य होतं ना? मग तुम्ही त्यांच्यासाठी का लढलात?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही, कारण आमच्या घरात हा प्रश्न ऐंशी वर्षं पडून आहे. पणजोबा इटलीत होते तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ तुफान सेनेत होते. १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगावी लोकांचे न्याय होऊ लागले, दारूबंदी झाली, कमी खर्चातली गांधी लग्नं लागली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला सरकारी पैसा नेणारी गाडी लुटली गेली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी, २५ जुलैला, तिकडे रोममध्ये मुसोलिनीला पदावरून हटवून अटक झाली. दोन्ही बातम्या इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आमच्या घरात त्या एकाच चुलीपुढं आल्या असतील.

आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेली एक आठवण आहे. थोरला दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा, तिच्यावर घर चालायचं. धाकटा रात्री जाऊन सरकारी तारा तोडायचा. त्या काळी पलटणीतला माणूस गेला की घरी तार यायची. त्या दोघांची आई म्हणायची, "तुटल्या तारा तर तुटू द्या. वंगाळ खबर तरी येणार न्हाय."

मैत्रिणीला मी हे सांगितलं. आमच्याकडे कोरडवाहू रानं, दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ, आणि घरटी एक माणूस पलटणीत धाडायची रीत, हेही सांगितलं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात सक्तीची भरती नव्हती. पंचवीस लाख भारतीय आपण होऊन गेले असं म्हणतात. पण पोटासाठी गेलेल्याला आपण होऊन गेला म्हणायचं का, हे मला ठरवता येत नाही. मैत्रीण म्हणाली, आमच्याकडेही तसंच. तिच्याही घरातला एक जण मुसोलिनीच्या फौजेत होता, आणि त्याचा चुलतभाऊ डोंगरात लपून फॅसिस्टांशी लढत होता. कितीतरी वर्षं ते एका टेबलावर जेवले नाहीत.

आमच्याकडे दोघं भाऊ एका पंगतीला जेवले. पण १९७२ मध्ये धाकट्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळाला, तो सोप्यात लागला. थोरल्यांची चांदणी ट्रंकेत गेली. कुणी काढून टाकली नाही, त्यांनी स्वतःच ठेवली. इंग्रजांचं पदक मिरवायचं कसं, असं त्यांना वाटलं असेल. धाकट्यांचा मान योग्यच होता, त्यात तसूभरही उणं करायचं नाही. पण ज्याच्या मनीऑर्डरीवर घर तगलं, आणि ज्यानं मुसोलिनी-हिटलरच्या राजवटी मोडायला हातभार लावला, त्याचं मौन आम्ही कधी सोडवलं नाही, याची आज हळहळ वाटते. ते गेले तेव्हा माझे वडील शाळेत होते. विचारणारं कुणी उरलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

जानेवारीअखेर सत्र संपवून मी परत आले. आजीला फोटो दाखवले : माँतोनेचं सूर्यघड्याळ, फोर्लीचा दगड, सेनिओचा बांध. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तिथली माणसं यांची आठवण काढत्यात व्हय?" मी म्हटलं, काढतात. मग तिनं ट्रंक खाली काढायला लावली, चांदणी चिंचेनं घासली. आता ती सोप्यात ताम्रपटाशेजारी आहे.

सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत अशा ट्रंका असतील. डिस्चार्ज बुक असेल, सेन्सॉरचा शिक्का मारलेलं एखादं पत्र असेल, रंग उडालेली फीत असेल. कागद वाळवीला देण्याआधी कुणा शिकलेल्या पोराकडून एकदा वाचून घ्या. बटालियनचा आकडा आणि साल मिळालं, तरी पुढचा रस्ता सापडतो. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी माणूस असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)