टी-आरएनएची रचना आणि विकरांकडून होणारी ओळख : एका जोडीचा इतिहास

प्रथिननिर्मितीत अमिनो आम्लाची पारख रायबोसोम करीत नाही, हे १९६२ मध्ये स्पष्ट झाले. शापव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-आरएनएला जोडलेल्या सिस्टीनचे रासायनिक क्रियेने अ‍ॅलानीन केले, तेव्हा रायबोसोमने सिस्टीनच्या जागी अ‍ॅलानीन निमूटपणे बसविले. म्हणजे योग्य टी-आरएनएला योग्य आम्ल जोडण्याचा भार अमिनोअसिल टी-आरएनए सिंथेटेज या विकरांवर येतो. हे विकर आपला टी-आरएनए कसा ओळखतात, हा प्रश्न मात्र पाव शतक रेंगाळला.

१९६५ मध्ये रॉबर्ट हॉली यांच्या गटाने यीस्टमधील अ‍ॅलानीन टी-आरएनएचा ७७ न्यूक्लिओटाइडांचा क्रम प्रसिद्ध केला. सुमारे १४० किलोग्रॅम यीस्टमधून जेमतेम १ ग्रॅम शुद्ध द्रव्य हाती आले होते. (याच क्रमाच्या आधारे हरगोविंद खुराना यांनी १९७० मध्ये त्या रेणूचे जनुक प्रयोगशाळेत घडविले.) १९७४ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून टी-आरएनएचा इंग्रजी 'एल' अक्षरासारखा आकार दिसला. अमिनो आम्ल एका टोकाला, प्रतिकोडॉन दुसऱ्या टोकाला. अंतर सुमारे ७५ अँगस्ट्रॉम. सर्व टी-आरएनए एकाच रायबोसोममध्ये बसावयाचे असल्याने त्यांची ठेवण सारखीच असते. मग विकराने भेद करावयाचा कशावरून? साहजिकच प्रतिकोडॉनवर लक्ष गेले.

परंतु प्रतिकोडॉन बदललेला अ‍ॅलानीन टी-आरएनएही अ‍ॅलानीनच स्वीकारीत होता. १९८८ मध्ये या-मिंग हौ आणि पॉल शिमेल यांनी ई. कोलाय जीवाणूत दाखविले की, खूण आहे ती आम्ल जोडले जाते त्या टोकाजवळच्या, ३ऱ्या व ७०व्या स्थानांवरील ग्वानीन-युरॅसिल या जोडीत. ती बदलताच ओळख हरपली; सिस्टीन आणि फेनिलअ‍ॅलानीन यांच्या टी-आरएनएमध्ये ती घातली, तर तेही अ‍ॅलानीन वाहू लागले.

ही जोडी हॉलींच्या १९६५ च्या क्रमातही होतीच. तेवीस वर्षे ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. क्रम वाचल्याने कोणते अक्षर निर्णायक हे कळत नाही. त्यासाठी अक्षर हवे तसे बदलून पाहण्याची सोय लागते, आणि ती नंतर आली.

हा नियम सर्वांना लागू पडला नाही. मेथिओनीनच्या बाबतीत प्रतिकोडॉनच महत्त्वाचा ठरला. सेरीनचे प्रतिकोडॉन एकमेकांशी जुळत नाहीत. तेथे विकर लांब अतिरिक्त भुजेचा आधार घेते. १९८९ मध्ये ग्लुटामीनचे विकर टी-आरएनएसह स्फटिकरूपात पाहता आले. ते दोन्ही टोकांना स्पर्श करीत होते. अ‍ॅलानीनच्या विकराचे तसे चित्र मिळण्यास २०१४ साल उजाडले.