सामान्य वाचक आणि मराठी इतिहासग्रंथ : काही निवडक ग्रंथांच्या अनुषंगाने

प्रस्तावना :

मराठी माणूस इतिहासप्रेमी आहे, असे नेहमीच म्हटले जाते. हे विधान खोटे नाही. मात्र हे प्रेम ज्या पुस्तकांतून पोसले गेले, ती बहुतांशी इतिहासाची पुस्तके नाहीत. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) व ‘श्रीमान योगी’ (१९६८), शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९), विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या गेल्या. माधवराव, संभाजी अथवा सदाशिवरावभाऊ यांची जी चित्रे सर्वसामान्य वाचकाच्या मनात आहेत, ती याच कादंबऱ्यांनी रेखाटलेली आहेत. कादंबरीकाराने कल्पनेचा आश्रय घ्यावा, यात गैर काहीच नाही. अडचण वाचकाची आहे. कोणता प्रसंग पत्राधारे लिहिला, कोणता बखरीवरून घेतला आणि कोणता लेखकाने रचला, हे कळण्याची सोय कादंबरीत नसते. इतिहासग्रंथ मात्र कठीण, कोरडा आणि अभ्यासकांपुरता आहे, अशी समजूत करून घेऊन वाचक त्याच्या वाटेला जात नाही. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात काही मराठी ग्रंथांच्या आधारे केला आहे.

‘माझा प्रवास’ : एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्या

नव्या वाचकाच्या हाती प्रथम द्यावे असे पुस्तक इतिहासकाराने लिहिलेलेच नाही. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील वरसई येथील विष्णुभट गोडसे हे भिक्षुक डोक्यावरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल, ही त्यांची आशा होती. वाटेत त्यांना बंडाने गाठले. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, तेव्हा गोडसे शहरातच होते. पुढे बऱ्याच वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली.

वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, पण मूळ मजकुरावर संस्कार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये निघाली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून चार पाने वाचली, तरी छापील इतिहासामागे संपादकाचा हात कसा वावरतो, हे पदवी नसलेल्या वाचकासही उमगते. इंग्रजी अमदानीत बंडाविषयी काय छापावे आणि काय वगळावे, याची चिंता संपादकास असणे स्वाभाविक होते. शिवाय गोडसे हे सेनापती नव्हेत, दरबारीही नव्हेत. दक्षिणा, भोजन, सोवळेओवळे, लुटालूट आणि जीव वाचविण्याची धडपड हाच त्यांच्या लेखनाचा विषय आहे. लढाईचे डावपेच त्यांच्याकडून शिकण्याची अपेक्षा करू नये. वेढ्यात सापडलेल्या शहरात माणसे कशी जगली, हे मात्र त्यांच्याइतके मराठीत अन्य कोणी सांगितलेले नाही.

एका बखरीचे ओझे :

इतिहासग्रंथ न वाचल्याने काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर छत्रपती संभाजी महाराजांच्या उदाहरणात मिळते. त्यांच्याविषयीच्या प्रतिकूल मतांचा मोठा भाग मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीवर उभा होता. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर (१६८९) शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता, ही बाब बखर वाचताना नजरेआड करता येत नाही. तथापि दीर्घकाळ ती नजरेआडच राहिली. बखरीतून हे चित्र इतिहासलेखनात गेले, तेथून नाटकांत उतरले. राम गणेश गडकरी यांचे १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिलेले ‘राजसंन्यास’ हे त्याचे परिचित उदाहरण.

वा. सी. बेंद्रे यांनी ‘साधन-चिकित्सा’ (१९२८) या ग्रंथात ऐतिहासिक साधने कशी पारखावीत याची चर्चा केली होती. तीच कसोटी संभाजी महाराजांच्या चरित्राला लावण्यात त्यांची पुढील अनेक वर्षे गेली आणि ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. समकालीन पत्रे व परकीयांचे कागद यांच्या कसोटीवर बखरीतील विधाने त्यांनी एकेक करून घासून पाहिली. डॉ. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) या प्रबंधाने हे काम पुढे नेले. बेंद्रे यांची शैली सुबोध नाही, हे मान्य करावे लागते. पुराव्यांच्या गर्दीत कथासूत्र वारंवार हरवते आणि नायकाविषयीचा त्यांचा पक्षपातही लपत नाही. परंतु ते आपले कागद वाचकापुढे मांडतात, त्यामुळे तो पक्षपातही वाचकास तपासता येतो.

जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा रात्री उखडून नदीत टाकण्यात आला. ‘राजसंन्यास’ला उत्तर देणारा ग्रंथ त्यापूर्वी सत्तावन्न वर्षे उपलब्ध होता. तो किती जणांनी उघडला असेल, असा प्रश्न या प्रसंगी पडल्यावाचून राहत नाही.

शेजवलकरांचे ‘पानिपत’ :

सामान्य वाचकासाठी एकच मराठी इतिहासग्रंथ निवडावयाचा झाल्यास तो त्र्यंबक शंकर शेजवलकर (१८९५–१९६३) यांचा ‘पानिपत १७६१’ हा होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४६ मध्ये तो प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठी ग्रंथ युद्धाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये आला.

१४ जानेवारी १७६१ ची कथा मराठी माणसास तोंडपाठ असते. भाऊंचा ताठा, होळकरांची पाठ फिरणे, विश्वासरावांना लागलेली गोळी या घटनाक्रमात सर्व काही स्वभाव आणि दैव यांवर सोडलेले असते. ही मांडणी मुख्यतः ‘भाऊसाहेबांची बखर’ या रसाळ ग्रंथाची देणगी आहे. गद्य म्हणून ती बखर अवश्य वाचावी. शेजवलकर मात्र वाचकास निराळे प्रश्न विचारावयास लावतात. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या व दिल्लीच्या मध्ये कसा आला? पुढील अडीच महिने छावणीस धान्य कोठून यावयाचे होते? अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेल्याने काय फरक पडला? लढवय्यांसोबत बायकामुले व यात्रेकरू यांचा एवढा जमाव का होता? इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व कवायती पायदळ यांच्या आधाराने गोल करून लढण्याचा बेत आणि मोकळ्या मैदानातील गनिमी काव्याची सवय अंगी मुरलेले सरदार, यांचा मेळ बसणार कसा होता? पराभवाचा सारा भार एकट्या भाऊसाहेबांवर टाकणे शेजवलकरांना मान्य नाही. पुण्याचा कारभार व उत्तरेतील सरदार यांच्याकडेही ते बोट दाखवतात.

त्यांचे साक्षीदारही एकमेकांशी जुळणारे नाहीत. काशीराज पंडित हा दक्षिणी असून शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे शत्रूच्या गोटात होता, आणि त्याची फार्सी हकीकत युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे. बखरकार मराठ्यांच्या बाजूचा, परंतु कथेच्या ओघात वाहणारा. पत्रे त्या त्या दिवसांची, तरी तुटक. यांतील कोणावर कोठवर विसंबावे, याचा निवाडा वाचकाच्या डोळ्यांसमोर होतो. शेजवलकरांची काही मते तीव्र आहेत. होळकरांवरील त्यांचे आक्षेप सर्वांना पटतीलच असे नाही. मात्र न पटणारे मत कोणत्या पानावरील कोणत्या पुराव्यापाशी नाकारावे, हे वाचकास कळते. कादंबरीच्या वाचकास ही संधी नाही.

‘रियासत’ आणि अन्य ग्रंथ :

गो. स. सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ सलग वाचण्याचा सल्ला कोणी देऊ नये. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत असताना राजपुत्रांना शिकविण्याच्या निमित्ताने सुरू झालेले हे काम अनेक खंडांत विस्तारले. एखादा पेशवा अथवा एखादी मोहीम समजून घ्यावयाची असल्यास त्यापुरता भाग काढून वाचणे, हाच तिचा खरा उपयोग. ‘श्रीमान योगी’ ज्यांच्या घरी आहे त्यांनी कादंबरीपूर्वीची नरहर कुरुंदकर यांची प्रदीर्घ प्रस्तावना वगळू नये. शिवचरित्रातील वादस्थळे तीत ज्या स्पष्टतेने मांडली आहेत, ती पाहता पुष्कळांचा इतिहासवाचनाचा आरंभ तेथूनही होऊ शकेल.

त्यानंतरची पायरी पुन्हा शेजवलकरांपाशीच येते. शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिण्याचा त्यांचा संकल्प आयुष्यभर राहिला. चरित्र लिहून झाले नाही. नियोजित ग्रंथाची प्रस्तावना, आराखडा आणि जमविलेली साधने एवढेच ‘श्रीशिवछत्रपती’ या नावाने १९६४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, मराठा मंदिराने प्रसिद्ध केले. या न लिहिलेल्या चरित्राला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.