विमानवाहतूक-नियमभंगाची सूचना

उड्डाणात वैमानिकाने नेमून दिलेली उंची वा मार्ग सोडणे, अथवा परवानगीवाचून धावपट्टीवर किंवा नियंत्रित आकाशक्षेत्रात शिरणे यास ‘वैमानिकी विचलन’ म्हणतात. असे विचलन झाल्याचा संशय आल्यास नियंत्रकाने ते वैमानिकास रेडिओवरून कळविण्याची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असून ती ‘ब्रॅशर सूचना’ या नावाने ओळखली जाते.

उड्डाणनियम मोडणाऱ्यांवर कारवाई करण्याची जबाबदारी १९४४ च्या शिकागो कराराने सदस्य राष्ट्रांवर टाकली. तथापि केवळ शिक्षेने सुरक्षितता साधत नाही, हे १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ झालेल्या अपघाताने दाखवून दिले. नियंत्रकाच्या संदेशाचा चुकीचा अर्थ लावल्याने एक प्रवासी विमान अकाली खाली उतरून डोंगरावर आदळले व त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावले होते. परंतु ती माहिती इतरांपर्यंत पोहोचली नव्हती. यातूनच १९७६ मध्ये ‘नासा’च्या व्यवस्थापनाखाली गोपनीय निवेदनपद्धती सुरू झाली. अजाणता घडलेल्या नियमभंगाचे निवेदन दहा दिवसांच्या आत केल्यास, गुन्हा वा अपघात घडलेला नसल्यास व अन्य अटी पूर्ण होत असल्यास, दंड किंवा परवान्याचे निलंबन माफ होते.

मात्र विचलन झाल्याचे वैमानिकाच्या लक्षातच आले नसेल, तर ही सवलत निरर्थक ठरते. तसेच कारवाईची नोटीस उशिरा आल्यास घटनेचा तपशील विस्मरणात जातो. १९८७ मध्ये ब्रॅशर नावाच्या वैमानिकाच्या प्रकरणात राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नियमभंग मान्य केला. परंतु नियंत्रकांनी नियमाप्रमाणे सूचना दिली नव्हती, म्हणून शिक्षा माफ केली.

या सूचनेत ‘संभाव्य विचलन’ एवढाच उल्लेख करून दूरध्वनी क्रमांक दिला जातो. कामाचा ताण असल्यास सुरक्षित वाहतुकीस अग्रक्रम देऊन नियंत्रक ती नंतर देतो. सूचना म्हणजे दोषारोप नव्हे. उलट, ती न मिळाल्याने कारवाई आपोआप रद्दही होत नाही. दूरध्वनीवरील उत्तरे पुढे पुरावा म्हणून वापरली जाऊ शकतात. २०१२ च्या कायद्याने, चौकशी सुरू झाल्यास वैमानिकास तसे लेखी कळविणे व उत्तर देणे बंधनकारक नसल्याची जाणीव देणे सर्वसाधारणपणे आवश्यक केले.