शिलकी विजेचा प्रश्न : मेरीकर्क ते एग

विजेच्या इतिहासलेखनात टंचाईचा विचार पुष्कळ झाला आहे. शिलकेचा त्या मानाने थोडाच. वस्तुतः मोठ्या वीजजाळ्यापासून दूर असलेल्या स्थळी संचयक, म्हणजे बॅटऱ्या, पूर्ण भरल्यावरही वारा वाहतच राहिला तर काय करावयाचे, हा प्रश्न पवनविजेइतकाच जुना आहे.

ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी जुलै १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील मेरीकर्क या खेड्यात, आपल्या सुटीतील घराच्या बागेत, कापडी शिडांची पवनचक्की उभारली. तिची वीज संचयकांत साठवून त्यांनी घरात दिवे लाविले. वीज उरू लागली, तेव्हा गावच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठी ती त्यांनी देऊ केली. ग्रामस्थांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली, असे सांगतात. ही हकीकत बहुधा खेडुतांच्या अज्ञानाला हसण्यासाठी सांगितली जाते. ते आम्हांस उचित वाटत नाही. शिल्लक घेणारा असावा लागतो आणि तो राजीही असावा लागतो, हे तिच्यातून दिसते.

डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथे पोउल ला कूर यांनी १८९१ पासून निराळा मार्ग चोखाळला. पवनविजेने पाण्याचे विघटन करून त्यांनी हायड्रोजन साठविला व त्यावर शाळेतील दिवे चालविले. शिशाच्या संचयकात मात्र हेच विघटन नको असते. तो भरल्यावरही प्रवाह रेटला की आतील पाणी फुटून स्फोटक वायू सुटतो.

स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यालगतचे एग हे बेट रहिवाशांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये विकत घेण्यात आले. पाणी, वारा व सूर्य यांवरील तेथील सामाईक वीजव्यवस्था फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झाली. प्रत्येक घरास एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा आहे. संचयक भरत आले की इन्व्हर्टर विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या किंचित वर नेतो; त्यासरशी चर्च, सभागृह अशा सामाईक वास्तूंतील हीटर आपोआप सुरू होतात. मेरीकर्कने ‘सैतानी’ ठरविलेल्या विजेच्या या भगिनीने सव्वाशे वर्षांच्या आत चर्च ऊबदार करावे, हा योग मौजेचा खरा.

परंतु खूण म्हणून वारंवारताच का? जुन्या जनित्रावरील भार घटला की चाक वेगाने फिरे, आणि वारंवारता आपोआप चढे. वेगावरून शिल्लक ओळखण्याची रीत वाफेच्या यंत्रावरील वॅटच्या गव्हर्नरपर्यंत मागे जाते. इन्व्हर्टरच्या वीजनिर्मितीत फिरणारे असे काहीच नाही. त्याची वारंवारता केवळ नियंत्रक-मंडल ठरविते. तरीही तो फिरत्या यंत्राचे सोंग घेतो, कारण त्या तारेवरील प्रत्येक उपकरणास ही खूण वाचता येते आणि संदेशासाठी वेगळी तार ओढावी लागत नाही. हीटरही पुरे पडले नाहीत, तर अशा व्यवस्थांत वारंवारता आणखी चढविली जाते व सौर विजेचे उत्पादनच आखडते घेतले जाते.